निफाडची ग्रिल्लो आणि आमचा गोळा भात

नागपूरच्या झणझणीत सावजी जेवणाबरोबर ही ग्रिल्लो नावाची पांढरी वाइन घेऊ नका. आधीच लिहून टाकते, कारण नागपुरात कुणाच्याही घरी नवी बाटली उघडायची म्हटली की पुढचं वाक्य 'मग सावजीतून मटण आणू' हेच असतं. मटण आणा, पोटभर खा, पण त्या दिवशी ही बाटली फ्रीजमध्येच राहू द्या. तिचं खरं सूत जुळतं ते गोळा भाताशी आणि सांबारवडीशी (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर).

वाइनचं नाव रेव्हेलो ग्रिल्लो. नाशिक जिल्ह्यात निफाडजवळ यतीन आणि किरण पाटील या दांपत्याची रेव्हेलो ही वायनरी आहे. सुलासारख्या मोठ्या कारखान्यांपुढे तिचा पसारा लहानच. द्राक्षं स्वतःच्या मळ्यातली, आणि त्यात इटालियन जातींवर जोर: लाल वाइनसाठी सांजोवेझे आणि नेरो दाव्होला, पांढरीसाठी ग्रिल्लो. सुलाची शेनिन ब्लां ही पांढरी वाइन आपल्याकडे बऱ्याच वाइन शॉपमध्ये दिसते, ही शोधावी लागते. एकदोन ठिकाणी विचारून, सांगून ठेवून मिळते.

मी नागपुरात खामल्यात घरून जेवणाच्या ऑर्डरी घेते. डोहाळजेवण, मुंजीचं केळवण, भिशी, कुणाची साठी. पिण्याशी माझा फारसा संबंध नव्हता. पण हल्ली आईवडिलांच्या लग्नाचा वाढदिवस करणाऱ्या मुली फोनवर विचारतात, "काकू, घरचेच लोक आहेत, थोडी वाइन ठेवणार आहोत. त्याच्यासोबत काय चालेल?" पनीर टिक्का म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटेना. मी ज्या पदार्थाचे पैसे घेते तो कशासोबत खाल्ला जाणार आहे, हे मला माहीत नको? म्हणून ही बाटली आणली, आणि मग घरच्याच स्वयंपाकासोबत एकेक करून लावून पाहिली.

आधी द्राक्षाबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ग्रिल्लो हे सिसिली बेटावरचं. तिथं ऊन भरपूर, उन्हाळा कोरडा. १९व्या शतकात आंतोनिओ मेंदोला नावाच्या तिथल्या एका जहागीरदारानं कातारात्तो आणि झिबिब्बो या दोन जातींचा संकर करून ते तयार केलं. झिबिब्बो हे मस्कत घराण्यातलं, वासाचं द्राक्ष. कातारात्तो त्या मानानं साधं. पुष्कळ वर्षं ग्रिल्लो मुख्यतः मार्साला नावाच्या, वरून स्पिरिट घालून कडक केलेल्या वाइनमध्येच जायचं. नुसती ड्राय, म्हणजे गोडी नसलेली, पांढरी वाइन म्हणून त्याला मान मिळाला तो अलीकडे. त्याचा मोठा गुण हा की उन्हात पिकूनही त्याचा आंबटपणा टिकतो. बाकी बऱ्याच द्राक्षांची गरम मुलखात हीच रड असते: साखर भराभर चढते, आंबट उतरतं, आणि वाइन जिभेवर बसकी लागते.

निफाड हे नाव आम्हा नागपूरकरांना दर हिवाळ्यात पेपरातून भेटतं. 'निफाडचा पारा घसरला' अशी बातमी असते, आणि तो पारा मोजतात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात. थंडीच्या लाटेत तिथली रात्र चार-पाच अंशांपर्यंत उतरते. नेमकी त्याच सुमारास वेलीवर द्राक्षं भरत असतात, कारण नाशिककडे छाटणी वर्षातून दोनदा करतात, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पाऊस सरता सरता फळछाटणी. तोड होते जानेवारी ते मार्च. युरोपात द्राक्ष उन्हाळ्यात पिकतं, इथं हिवाळ्यात. दिवसा ऊन आणि रात्री गारठा मिळाला की साखरही भरते आणि आंबटही शाबूत राहतं. सिसिलीचं द्राक्ष निफाडला का रमलं असेल ते यावरून कळतं.

आता पेल्यातलं. रंग अगदी फिका, वाळक्या काडीसारखा. पहिला वास लिंबाच्या सालीचा. थोड्या वेळानं फुलांचा येतो. मोगऱ्याइतका ठसठशीत नाही. काटोल-नरखेडकडे फेब्रुवारीत संत्र्याच्या बागेत अंबिया बहार फुलला की येतो, त्याच्या जवळचा. घोटात गोडी नाही. जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटतं आणि जाता जाता किंचित कडवट लागतं. चव तोंडात फार वेळ रेंगाळत नाही. नुसती पीत बसणाऱ्याला हे उणं वाटेल, मला वाटलं नाही, कारण मी तिच्याकडे जेवणातली वस्तू म्हणूनच पाहत होते. सुलाची सॉव्हिन्यों ब्लां शेजारी ठेवून पाहिली, तर ती जास्त बोलकी, कापलेल्या गवताच्या आणि हिरव्या मिरचीच्या वासाची. ताटात आधीच वास भरपूर असतील तर ग्रिल्लोचा मऊपणा बरा पडतो.

गोळा भात. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवायची, पाणी निथळून जाडसर वाटायची. गुळगुळीत वाटली की गोळा दगड होतो. त्यात तिखट, हळद, मीठ, जिरं, हिंग आणि कडकडीत तेलाचं मोहन. मुठीनं गोळे वळायचे, भात अर्ध्याहून जास्त शिजला की त्यावर मांडायचे आणि घट्ट झाकण ठेवायचं. वाफेवर गोळा शिजतो आणि त्यातलं थोडं तेल-तिखट खालच्या भातात उतरतं. ताटात भात मोकळा करायचा, गोळा त्यावर कुस्करायचा आणि वरून मोहरी, हिंग, सुक्या लाल मिरच्यांची फोडणी ओतायची, हात आखडता न घेता. डाएटवाल्यांची ही ऑर्डर मी घेतच नाही. फोडणी कमी केली की गोळा भात घशात अडकतो आणि नाव माझं खराब होतं.

तर असा घास. डाळीचा रवाळ पिठूळपणा, त्यावर गरम तेल, नाकात हिंग. त्यावर ग्रिल्लोचा गार घोट घेतला की जिभेवरचा तेलाचा थर धुऊन निघतो, आणि पुढचा घास पहिल्या घासाइतकाच ताजा लागतो. मला धास्ती होती ती हिंगाची. एवढा उग्र वास, त्यापुढे फुलाबिलांचा काय टिकाव लागणार? पण घोटानंतर हिंग मागे सरला आणि लिंबाच्या सालीचा तो वास जास्तच कळायला लागला. माझी बहीण शेजारीच बसली होती. माझं माहेर वर्ध्याचं, तिथं दारूबंदी, त्यामुळे असल्या चाचण्यांना ती नागपूरलाच येते. ती म्हणाली, "अगं, लिंबू पिळायचं राहिलं हे लक्षातच आलं नाही." बरोबर तेच होतं. तेलकट, पिठूळ घासाला आंबट हवं असतं. एरवी आपण वरून लिंबू पिळतो किंवा चिंचेचं सार घेतो. इथं ते काम पेला करतो.

म्हणून चिंचेचं सार त्या दिवशी करू नका. ताटातलं आंबट पेल्यातल्या आंबटाच्या वर गेलं की वाइन पाणचट लागते. साराचा एक घोट घेऊन लगेच वाइनचा घेतला तर फरक कुणालाही कळेल. ताज्या ताकाची, गुळाचा खडा टाकलेली कढी चालते. आंबट ताकाची नाही. वडा-भाताचं गणितही हेच, फक्त वडे तळलेले असल्यामुळे वाइन थोडी आणखी गार असलेली बरी.

दुसरी सांबारवडी, पुण्याकडचे पुडाची वडी म्हणतात ती. ही हिवाळ्याची वस्तू, गोकुळपेठेत सांबाराच्या हिरव्यागार जुड्यांचे ढीग लागले की करायची. सांबार धुऊन, सुती कापडावर पसरून अगदी कोरडा करावा लागतो. ओला राहिला की पारी फुटते आणि कढईभर तेल उडतं. बारीक चिरून त्यात भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, तीळ, थोडी चारोळी, हिरवी मिरची. बेसन आणि मैद्याच्या पारीला आतून चिंच-गूळ-काळ्या मसाल्याचं बोट फिरवायचं, सारण भरून गुंडाळायचं, मंद आचेवर तळायचं. कडेला कुरकुरीत, आत हिरवं आणि गरम. या वडीसोबत ग्रिल्लोतला फुलांचा वास दबतो आणि हिरवा, झाडपाल्यासारखा वास वर येतो, जो नुसत्या घोटात मला जाणवलाही नव्हता. खसखशीचा स्निग्धपणा आणि वाइनची धार एकमेकांना सांभाळून घेतात. घरच्यांत मतं फुटली: आमच्या ह्यांना गोळा भातापेक्षा हीच जोडी आवडली. मी गोळा भातावर ठाम आहे. वडीतलं ते चिंच-गुळाचं बोट किंचित जास्त झालं की जोडी डळमळते, गोळा भातात तो धोका नाही.

मासळीचं थोडक्यात. भंडारा-गोंदियाच्या तलावांतली मरळ चांगली मिळाली तर हळद, मीठ, आलं-लसूण लावून तांदळाच्या पिठीत घोळवून तळा, तिखट नावाला. उत्तम लागते. तळलेल्या मासळीसोबत पांढरी वाइन जमते हे जगाला माहीत आहे, त्यात माझं कौतुक काही नाही. साबुदाणा वडाही छान लागतो. पण आमच्या घरी साबुदाणा भिजतो तो चतुर्थीला, आणि त्या दिवशी बाटली काढली असती तर सासूबाईंनी मला बाहेरच काढलं असतं.

आता सावजी. धाकटे दीर जेवायला होते. हलबा कोष्ट्यांच्या घरांतून बाहेर आलेलं हे जेवण त्यांचा जीव की प्राण. लग्नाच्या पंगतीत श्रीखंड पाहूनही ते 'तर्री नाही का' विचारतील. त्यांनी मटण आणलंच. वर तेलाचा लालकाळा थर, खाली लवंग-मिरी-दगडफुलाचा भाजका मसाला. एक घास, वर ग्रिल्लोचा मोठा घोट, आणि भाऊजींचे डोळे भरून आले.

"वहिनी, हे तं आगीत तेल टाकून राहिली बाप्पा तुमची वाइन!"

"भाऊजी, मी तुम्हाला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं, पण एवढी गार हाय तं विझवाले पाहिजे ना!"

विझवत नाही, त्याला कारण आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या ग्राहींना डिवचतं, त्या मुळात खऱ्या उष्णतेची खबर द्यायला असतात. अल्कोहोल त्यांनाच आणखी हळवं करतं, म्हणजे एरवी सोसवणारी ऊबही चटका वाटते. कॅप्सेसिन अल्कोहोलमध्ये विरघळतं हे खरं, पण त्याला कडक अल्कोहोल लागतं. वाइनमधलं बारा-तेरा टक्के त्याला पुरत नाही. गार घोटाचा थंडावा क्षणभराचा, त्यामागून झणका दुप्पट. आणि वाइनची चव? काही नाही. नुसतं आंबट पाणी. सावजीला ताक किंवा दही हवं, दुधातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून धुऊन नेतं. भाऊजींना मी ताकच दिलं, आणि त्यांच्या पेल्यातली उरलेली वाइन बहिणीनं सत्कारणी लावली.

याच कारणानं तर्री पोहे बाद, पाटवडी रस्सा बाद. पाटवड्या रश्शात टाकायच्या आधी ओलं खोबरं आणि सांबार घालून नुसत्याच खाल्ल्या तर मात्र चांगल्या लागतात, भिशीला मी तशाच ठेवते. आणि जेवताना कच्च्या कांद्याची ताटली उचलून ठेवा. झुणका-भाकरीशी ही वाइन जमायला हरकत नव्हती, पण कांद्याचा एक तुकडा चावला की पुढची पाच मिनिटं पेल्यात काय आहे ते कळत नाही. नागपुरात जेवणातून कांदा काढणं सोपं नाही, याची मला कल्पना आहे.

गोडाशी हिचं वाकडं. संत्रा बर्फीचा तुकडा खाऊन घोट घेतला तर ती चक्क आंबूस लागते. ताटातलं गोड पेल्यापेक्षा जास्त झालं की ड्राय वाइनचं असंच होतं. गोडासोबत हवीच असेल तर याच वायनरीची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां आहे. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून उशिरा तोडतात, त्यामुळे ती गोड असते. बर्फीशेजारी ती शोभते. ताजं संत्रं मात्र दोन्हींना मारतं.

विकत घेताना एक गोष्ट डोळे उघडे ठेवून पाहा. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पांढरी वाइन उन्हानं लवकर मरते. एका दुकानात मला वरच्या फळीवरची बाटली काढून दिली, हाताला कोमट लागत होती, बूच तोंडातून किंचित वर आलेलं. मी नको म्हटलं तर दुकानदार मला समजावतो, "मॅडम, वाइन जितकी जुनी तितकी भारी." ही अशी हलकी पांढरी वाइन वर्ष-दोन वर्षांत प्यायचीच असते. लेबलवरचं तोडीचं वर्ष वाचा, बाटली हात लावून पाहा, बुचाची असेल तर बूच पाहा. उकडलेल्या वाइनला शिजलेल्या सफरचंदासारखा वास येतो आणि रंग गडद होतो. घरी नेल्यावर त्यावर इलाज नाही. जमलं तर हिवाळ्यात घ्या, किंवा जिथं बाटल्या थंड कपाटात ठेवतात तिथून.

गार करायला नुसता बर्फ वापरू नका. बादलीत बर्फ, त्यात पाणी आणि मूठभर जाडं मीठ, बाटली मानेपर्यंत बुडलेली, वीसेक मिनिटं. पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं, बर्फाच्या खड्यांच्या मध्ये हवा राहते. आठ ते दहा अंशांवर ती चांगली लागते. फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलेली बाटली त्याहून गार असते आणि गारठलेल्या वाइनला वासच नसतो, म्हणून हिवाळ्यात दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर काढायची. मेमध्ये ती काळजी नको, वाढेपर्यंतच हवी तेवढी तापते. तेव्हा पेले अर्ध्याहून कमी भरा, बाटली बादलीत परत ठेवा. पेल्यात बर्फ टाकणाऱ्यांना मी अडवत नाही, पण मग माझ्याकडे चवीची तक्रार करायची नाही. आमच्या भिशीत वाइनचे पेले कुणाकडेच नाहीत, तोंडाशी जरा निमुळते काचेचे ग्लास असले तरी भागतं. स्टीलचा पेला नको.

एका बाटलीला साधारण किलोभर मटणाचे पैसे पडतात. चौघांना जेवणाबरोबर पुरते. रोज आणावी अशी नाही, पण पंचवीस माणसांच्या घरगुती कार्यक्रमात सुरुवातीच्या सांबारवडीबरोबर ठेवायला मी आता हिचंच नाव सांगते, आणि पुढे पानात सावजी असेल तर ती आल्यावर पेले उचलून ताकाचे ग्लास ठेवायलाही सांगते. ज्यांना गोडसर, सरबतासारखी वाइन आवडते त्यांनी शेनिन ब्लां घ्यावी, यात रमणार नाहीत.

उघडलेली बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये दोन दिवस नीट राहते. तिसऱ्या दिवशी फुलांचा वास गेलेला असतो, आंबट शिल्लक असतं. तळाशी वाटीभर उरली होती, ती मी रोहूच्या रश्श्यात चिंचेऐवजी घातली. रस्सा नीट उकळू द्या, नाहीतर वरून कच्चट वास येतो.